मेमरीतला पासवर्ड पुसायचा कसा, आणि पुसून उपयोग किती?

कांदिवलीकर

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका पेमेंट कंपनीत मी काम करतो. दुकानांतल्या कार्ड स्वाइप करायच्या मशीनवर चालणारा सी भाषेतला एक प्रोग्राम आणि व्यापाऱ्यांचे लॉगिन व सेटलमेंटचे अहवाल सांभाळणारा जावामधला सर्व्हर, अशी दोन कामे आमच्या टीमकडे आहेत. अलीकडेच सुरक्षा तपासणीसाठी आलेल्या ऑडिटरने टेस्ट सर्व्हरचा हीप डंप (चालू प्रोग्रामच्या मेमरीची फाइलमध्ये उतरवलेली प्रत) काढला, थोड्याच वेळापूर्वी स्वतः लॉगिन करताना टाकलेला पासवर्ड त्यात शोधला आणि तो जसाच्या तसा सापडल्यावर अहवालात ‘उच्च जोखीम’ असा शेरा मारला. डेटाबेसमध्ये आम्ही पासवर्डचा फक्त बीक्रिप्ट हॅश (ज्याचा परत पासवर्ड करता येत नाही असे रूप) ठेवतो आणि नेटवर्कवर सगळीकडे टीएलएस एन्क्रिप्शन आहे, त्यामुळे हा शेरा वरिष्ठांना चांगलाच झोंबला आहे.

टीममध्ये आता दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की सगळीकडची स्ट्रिंग (एकदा बनली की न बदलणारा मजकूर) काढून कॅरॅक्टर अ‍ॅरे (अक्षरांची बदलता येणारी रांग) वापरावा आणि काम झाल्यावर तो शून्यांनी भरून टाकावा. दुसऱ्या तटाच्या मते ज्याला हीप डंप काढता येतो त्याच्या ताब्यात अख्खे मशीन आधीच गेलेले असते, तेव्हा त्याच्यापासून पासवर्ड लपवण्याचा खटाटोप न करता ‘जोखीम मान्य’ असे लिहून मोकळे व्हावे. सी प्रोग्राममध्ये कार्डाचा नंबर आणि व्यवहाराची की (एन्क्रिप्शनची किल्ली) ज्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, येते तो आम्ही मेमसेट या फंक्शनने पुसतो. त्याबद्दल ऑडिटरने काहीच म्हटलेले नाही. जाणकारांनी दोन्ही बाजूंवर मत द्यावे.

तर्कट

दुसऱ्या तटाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. लिनक्सवर रूटला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) कोणत्याही प्रोसेसची मेमरी वाचता येते आणि डीबगर जोडून पासवर्ड पुसला जाण्याच्या आधीच्या क्षणी तो उचलताही येतो. २०१३ च्या अखेरीस टार्गेट या अमेरिकेतल्या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, ती काउंटरवरच्या मशीनच्या मेमरीतूनच. मालवेअर तिथे ठाण मांडून बसले होते आणि कार्ड स्वाइप होताच मेमरी चाळून माहिती उचलत होते. तो बफर नंतर कितीही नेटाने पुसला असता तरी काडीचाही फरक पडला नसता. कार्ड वाचणाऱ्या रीडरमध्येच माहिती एन्क्रिप्ट झाली असती तर पडला असता.

तेव्हा मेमरी कोण वाचणार आहे, हे आधी लिहून काढावे. ते न करता केलेली दुरुस्ती नालेसफाईच्या आकड्यांसारखी होते : कागदावर शंभर टक्के, आणि पहिल्या मोठ्या पावसात हिंदमाताला पाणी आहेच.

शून्यबाइट

तर्कट, टार्गेटचे उदाहरण बिनतोड आहे, पण ते एकाच प्रकारच्या हल्लेखोराचे आहे. मेमरीतला मजकूर बाहेर जायला रूट लागतोच असे नाही.

एप्रिल २०१४ मध्ये उघडकीला आलेला हार्टब्लीड हा दोष आठवा. टीएलएससाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत हार्टबीटच्या (जोडणी जिवंत आहे का हे पाहण्याच्या) संदेशात पाठवणाऱ्याने सांगितलेली लांबी न तपासता वापरली जात होती. समोरच्याने दोन-चार बाइट पाठवून ‘हे ६४ किलोबाइट आहेत, परत पाठव’ असे म्हटले की सर्व्हर आपल्या मेमरीतला शेजारचा मजकूर मुकाट्याने देऊन टाकत असे. लॉगिन नाही, रूट नाही, मशीनवर पाय ठेवणेही नाही. मात्र कोणता तुकडा हाती लागेल हे मागणाऱ्याला ठरवता येत नव्हते, म्हणून तो पुनःपुन्हा मागत राहायचा. अशा गळतीत पासवर्ड मेमरीत किती वेळ आणि किती ठिकाणी पडून राहतो, यावरच नुकसान ठरते. आधीच पुसलेला बफर त्या ६४ किलोबाइटमध्ये आला तर चोराच्या हाती फक्त शून्ये लागतात.

आता कांदिवलीकरांच्या सी प्रोग्रामकडे वळतो, कारण माझ्या मते ऑडिटरने पाहायला हवे होते ते तिथे. फंक्शनमध्ये स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) १६ बाइटांचा अ‍ॅरे घेतला, त्यात की आणली, काम केले, शेवटी मेमसेटने शून्ये भरली आणि फंक्शन संपले. कंपायलर (सोर्स कोडची बायनरी बनवणारा प्रोग्राम) हे वाचतो तेव्हा त्याला दिसते की शून्ये भरल्यानंतर हा अ‍ॅरे कोणीही वाचत नाही. न वाचल्या जाणाऱ्या जागी लिहिणे म्हणजे फुकटची मेहनत, म्हणून ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची सोय) चालू असेल तर तो मेमसेट सरळ गाळून टाकतो. भाषेच्या नियमांप्रमाणे त्याचे वागणे चोख आहे, कारण प्रोग्रामच्या दृश्य वर्तनात काहीच बदलत नाही. सोर्स कोड तपासणाऱ्याला मेमसेटची ओळ दिसते आणि तो समाधानाने पुढे जातो. मशीनवर चालणाऱ्या बायनरीत ती ओळ असतेच असे नाही.

यावर एक्स्प्लिसिट बीझीरो हे फंक्शन आहे; ते कंपायलर गाळत नाही. ते ओपनबीएसडीमधून आले आणि २०१७ मध्ये जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या २.२५ या आवृत्तीत दाखल झाले. विंडोजवर सिक्युअरझीरोमेमरी आहे, लिबसोडियममध्ये सोडियम मेमझीरो आहे, आणि सी २३ या मानकात मेमसेट एक्स्प्लिसिट आले आहे. सी ११ मधले मेमसेट एस नावाला मानकात आहे, परंतु ज्या परिशिष्टात ते आहे तेच ऐच्छिक असल्याने जीलिबसीने ते घेतलेलेच नाही. मशीनच्या टूलचेनमध्ये (कंपायलर व लायब्ररींच्या संचात) यातले काहीच नसेल तर व्होलाटाइल फंक्शन पॉइंटरमधून मेमसेटला कॉल करण्याची, म्हणजे तो कंपायलरला गाळता येऊ नये अशी, जुनी युक्ती आहे. ओपनएसएसएलचे क्लीन्स हे फंक्शन त्याच्या साध्या सी रूपात तसेच लिहिलेले आहे.

एवढ्यावरही काम संपत नाही. रिअलॉकने बफर वाढवला आणि तो नव्या जागी हलला, तर जुनी जागा न पुसताच मोकळी होते. एफगेट्सने पासवर्ड वाचला तर स्टँडर्ड इनपुटच्या स्वतःच्या बफरमध्ये त्याची एक प्रत राहते, जी तुमच्या हिशेबात कुठेच नसते. म्हणून असे वाचन थेट रीड कॉलने करावे. कंपायलरने मध्येच प्रोसेसरच्या रजिस्टरमधून स्टॅकवर टाकलेल्या प्रती तर एक्स्प्लिसिट बीझीरोलाही दिसत नाहीत, आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेले आहे.

निळी_शाई

सी वर शून्यबाइट यांनी भर घालायला जागाच ठेवलेली नाही. मी जावाच्या बाजूने लिहिते, कारण सुरक्षा चाचणी हेच माझे रोजचे काम आहे.

स्ट्रिंगऐवजी कॅरॅक्टर अ‍ॅरे वापरा, हा सल्ला जावाच्या स्वतःच्या क्रिप्टोग्राफी मार्गदर्शिकेतही आहे आणि तो चुकीचा नाही. स्ट्रिंग बदलता येत नाही, त्यामुळे ती पुसताही येत नाही. पण हा सल्ला कन्सोलवर पासवर्ड टंकणाऱ्या प्रोग्रामला जितका लागू पडतो, तितका वेब सर्व्हरला पडत नाही. कांदिवलीकर, तुमच्या सर्व्हरमधला पासवर्डचा प्रवास एकदा कागदावर मांडून पाहा. टीएलएस उलगडल्यावर तो नेटवर्कच्या बफरमध्ये येतो, तिथून टॉमकॅट या वेब सर्व्हरच्या बफरमध्ये, मग जेसन स्वरूपातला मजकूर वाचणाऱ्या पार्सरच्या बफरमध्ये, आणि त्यानंतर तुमच्या ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये. फील्ड तुम्ही कॅरॅक्टर अ‍ॅरे केलेत तरी आधीच्या प्रती तुमच्या हातात नाहीत. पुढे तर आणखी गंमत आहे : स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा बीक्रिप्ट एन्कोडर कॅरसीक्वेन्स (स्ट्रिंगच नव्हे, कोणतीही अक्षरमाला) घेतो खरा, पण आत टूस्ट्रिंग करून त्याची पुन्हा स्ट्रिंगच बनवतो. त्यावर गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) जिवंत वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतो, आणि जुन्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तिथला मजकूर तसाच राहतो. तुम्ही ज्या अ‍ॅरेत शून्ये भरता ती त्याची शेवटची जागा असते.

मायक्रोसॉफ्टने डॉटनेटमध्ये यासाठी सिक्युअरस्ट्रिंग आणली होती. आज खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते की नव्या कोडमध्ये ती वापरू नका. विंडोजबाहेर तर तिच्यातला मजकूर एन्क्रिप्टही होत नाही.

या बाबतीत कीपासचे प्रकरण मला फार बोलके वाटते. पासवर्ड सांभाळणे हेच ज्या प्रोग्रामचे काम, आणि मेमरीतल्या संरक्षणाकडे ज्याने पहिल्यापासून लक्ष दिले, त्या कीपास २ मध्ये मे २०२३ मध्ये एक दोष जाहीर झाला. मास्टर पासवर्ड टंकायच्या चौकटीत प्रत्येक अक्षर टाकताना डॉटनेट एक नवी स्ट्रिंग मागे सोडत असे : आधीच्या अक्षरांच्या जागी ठिपके आणि शेवटी नुकतेच टाकलेले अक्षर उघडे. दुसऱ्या अक्षराला एक ठिपका व ते अक्षर, तिसऱ्याला दोन ठिपके व ते अक्षर, अशी अख्खी माळ मेमरी डंपमध्ये सापडत होती, आणि ठिपके मोजले की अक्षराचा क्रमही कळत होता. पहिले अक्षर सोडून सारा पासवर्ड असा परत जुळवता येत असे. जून २०२३ मधल्या २.५४ या आवृत्तीत हे दुरुस्त झाले. पासवर्ड साठवणारा कोड नीट होता. गळती टंकायच्या चौकटीतून झाली, जिच्याकडे साठवण म्हणून कोणी पाहतच नाही.

तेव्हा पहिल्या तटाने सांगितलेले काम करून प्रती थोड्या कमी होतील, शेरा मात्र जाणार नाही. ऑडिटर पुन्हा डंप काढेल आणि पासवर्ड पुन्हा सापडेल.

तर्कट

म्हणजे जावाच्या बाबतीत माझेच म्हणणे खरे ठरले, नाही का?

निळी_शाई

अर्धेच. ‘पुसणे अवघड आहे’ इथपर्यंत आपले एकमत आहे, ‘जोखीम मान्य’ इथे नाही. हीप डंप काढायला मशीन ताब्यात असावे लागते, हे गृहीतकच कच्चे आहे. स्प्रिंग बूटच्या अ‍ॅक्च्युएटर या देखरेखीच्या भागात हीपडंप नावाचा एक पत्ता असतो. दुसऱ्या आवृत्तीपासून तो वेबवर आपोआप उघडा नसतो, पण आरोग्य तपासणीचे दोन पत्ते उघडायचे म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये तारांकन (‘सगळे’ अशी खूण) टाकते आणि सगळेच उघडे पडतात; ३.५ पूर्वीच्या आवृत्त्यांत त्यात हीपडंपही येतो. मग ब्राउझरमध्ये पत्ता टाकणाऱ्याला सर्व्हरची पूर्ण हीप फाइल डाउनलोड करून मिळते. चाचणीत मी पहिल्या तासात हेच पाहते, आणि ते अपेक्षेपेक्षा बऱ्याच वेळा सापडते.

दुसरा मार्ग त्याहून साधा आहे. मेमरी संपली की डंप लिहून ठेव, असा पर्याय जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या प्रोग्रामला) दिलेला असतो. रात्री सर्व्हर पडतो, फाइल तयार होते, सकाळी कोणीतरी ती झिप करून सपोर्टच्या तिकिटाला जोडते. त्या फाइलला डेटाबेसच्या बॅकअपइतकाच कडक नियम लागू असायला हवा, आणि मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी तिला कोणताच नियम नसतो.

परळ_टीटी

सर्व्हर सांभाळण्याच्या बाजूने थोडे लिहितो. डंपबद्दल निळी_शाई यांनी लिहिले त्याला पूर्ण अनुमोदन. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची खातेदारांच्या सहीची की चोरीला गेली, तीही एका क्रॅश डंपमधूनच गेली होती, हे इथे नोंदवण्यासारखे आहे.

शून्यबाइट

परळ_टीटी, तेवढी एक दुरुस्ती. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तसे सांगितले होते, पण मार्च २०२४ मध्ये त्याच निवेदनात भर घालून कळवले की ती की असलेला क्रॅश डंप त्यांना सापडलेला नाही. ती की नेमकी कशी गेली हे उघड झालेले नाही, तेव्हा ऑडिटरला देण्याच्या उत्तरात हे उदाहरण घालू नये; तो नेमके तेच तपासेल.

परळ_टीटी

दुरुस्ती मान्य, आभार. आता माझा मुद्दा. मेमरी डिस्कवर जाण्याच्या वाटा तीन : स्वॅप (मेमरी अपुरी पडली की तिचा भाग डिस्कवर हलवणे), कोअर डंप (प्रोग्राम कोसळताना लिहिली जाणारी त्याच्या मेमरीची फाइल) आणि हायबरनेशन (सगळी मेमरी डिस्कवर लिहून मशीन बंद करणे). कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर) असाल तर स्वॅप बहुधा बंदच असते, त्यामुळे ती वाट आपोआप मिटते. नसेल तर महत्त्वाची पेजेस (मेमरीचे तुकडे) एमलॉक या कॉलने मेमरीत अडकवता येतात. मात्र त्याची मर्यादा पूर्वी फक्त ६४ किलोबाइट असे आणि लिनक्स ५.१६ पासून ती ८ मेगाबाइट झाली. जुन्या कर्नलवर एमलॉक मुकाट अपयशी ठरतो आणि परत आलेली किंमत कोणी तपासत नाही. कोअर डंपसाठी प्रोसेसची मर्यादा शून्य करा, किंवा मॅडव्हाइज कॉलमध्ये डोंटडंप सांगून नेमका तो भाग वगळा.

हायबरनेशन एमलॉकला जुमानत नाही, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. लॅपटॉप हायबरनेट झाला की अडकवलेल्या पेजेससकट सगळी मेमरी डिस्कवर उतरते. सर्व्हर कधी हायबरनेट होत नाही असे म्हणाल, पण प्रॉडक्शनचा हीप डंप तपासायला लॅपटॉपवर घेणारा डेव्हलपर संध्याकाळी तोच लॅपटॉप घेऊन चर्चगेटला विरार लोकल पकडतो. बॅग रॅकवर टाकली, बोरिवलीला गर्दीच्या रेट्यात बाहेर ढकलला गेला, बॅग पुढे विरारला गेली. झाकण नुसते मिटले असेल तर मशीन स्लीपमध्ये आहे, म्हणजे डिस्क एन्क्रिप्शनची की अजून रॅममध्ये जिवंत आहे. वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद टिकतो आणि चिप गार केली तर कितीतरी जास्त वेळ टिकतो, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रत्यक्ष दाखवले होते. म्हणून डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट करून प्रवासात स्लीपऐवजी हायबरनेट किंवा शटडाउन, आणि प्रॉडक्शनचा डंप लॅपटॉपवर मुळीच नाही, असा नियम असावा. डंप बाहेर गेला तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागते, हे वरिष्ठांच्या कानावर घाला. त्यानंतर नियमाला विरोध होत नाही.

कांदिवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. जावाच्या बाबतीत अ‍ॅक्च्युएटर, डंपच्या फाइली आणि लॅपटॉप यांवर काम करायचे, हे नक्की झाले. एक शंका उरते. लॉगिनचा पासवर्ड मेमरीत क्षणभरासाठी येतो, पण अहवालांवर सही करण्याची प्रायव्हेट की सर्व्हर सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत तिथेच असते. ती पुसणार कशी, ती तर सतत लागते?

शून्यबाइट

खरी चिंता त्याच कीची करायला हवी. एका व्यापाऱ्याचा पासवर्ड गेला तर तो बदलता येतो. सहीची की गेली तर तिने आजवर केलेल्या प्रत्येक सहीवर प्रश्नचिन्ह येते.

ओपनएसएसएच या दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याच्या प्रोग्रामने यावर काढलेली तोड अभ्यासण्यासारखी आहे. स्पेक्टर, मेल्टडाउन, रोहॅमर या प्रोसेसर व मेमरी चिपमधल्या त्रुटींवरच्या हल्ल्यांनंतर २०१९ मध्ये त्यांनी ठरवले की प्रायव्हेट की वापरात नसताना मेमरीत एन्क्रिप्ट करून ठेवायची. तुम्ही म्हणाल, मग ती उलगडण्याची की कुठे ठेवायची? तीही मेमरीतच. पण ती १६ किलोबाइटच्या यादृच्छिक मजकुरातून हॅश करून दर वेळी नव्याने काढली जाते. असे हल्ले मेमरी हळूहळू आणि चुकतमाकत वाचतात, अधूनमधून एखादा बिट चुकीचा येतो. ३२ बाइटांत दोन बिट चुकले तर प्रयत्न करून दुरुस्त करता येतात. १६ किलोबाइटमध्ये एक बिट जरी चुकला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो आणि हाती काहीच लागत नाही. संपूर्ण मेमरी अचूक वाचणाऱ्यापुढे हा उपाय चालत नाही, हे खरे. तर्कट यांनी सुरुवातीला विचारलेल्या ‘कोण वाचणार’ या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवून मग केलेली ही रचना आहे, म्हणून मला ती आवडते.

तर्कट

हे पटले. पण कांदिवलीकरांनी हे स्वतः लिहू नये. सहीची की एचएसएममध्ये (की बाहेर न देणाऱ्या वेगळ्या सुरक्षित उपकरणात) ठेवावी, सर्व्हरने फक्त हॅश पाठवावा आणि सही परत घ्यावी. की जेव्हीएमच्या मेमरीत कधी आलीच नाही तर डंपमध्ये दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. यूपीआयमध्ये हेच तत्त्व आहे : पिनची चौकट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या कॉमन लायब्ररीची असते, दुकानदाराच्या अ‍ॅपला तो पिन दिसतच नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने व्यापाऱ्यांना कार्डाचा नंबर साठवण्यास मनाई केली आणि त्याच्या जागी टोकन (पर्यायी क्रमांक) आले, तेही त्याच दिशेने.

शून्यबाइट

कार्डाच्या मशीनलाही हेच लागू आहे. प्रत्येक व्यवहाराला वेगळी की काढून वापरानंतर ती नष्ट करण्याची डकपट ही पद्धत तुमच्याकडे असणारच. तिचा सारा भरवसा ‘वापरानंतर नष्ट’ या दोन शब्दांवर आहे. जुनी की सापडली नाही तर आज मशीन हाती लागलेल्यालाही कालचे व्यवहार उलगडत नाहीत. आणि तुमच्याकडे ती नष्ट करण्याचे काम साध्या मेमसेटवर सोपवलेले आहे, म्हणून आधी तिथे हात घाला.

कांदिवलीकर

उद्याच पाहतो. बदल केल्यावर की खरोखर पुसली जाते, हे ऑडिटरला दाखवायचे कसे?

निळी_शाई

चाचणीसाठी दुसरीकडे कुठेही सापडणार नाही असा एक विचित्र, लांबलचक मजकूर घ्या, तो पासवर्ड किंवा की म्हणून चालवा आणि काम संपल्यावर प्रोसेसचा पूर्ण डंप घेऊन त्यात शोधा. जावामध्ये दोन रूपांत शोधावे लागते : जावा ९ पासून साध्या इंग्रजी अक्षरांच्या स्ट्रिंग एका अक्षराला एक बाइट अशा असतात, कॅरॅक्टर अ‍ॅरे मात्र अजूनही एका अक्षराला दोन बाइट घेतो. एकाच रूपात शोधलेत तर निम्म्या प्रती नजरेतून सुटतील. लॉगिननंतर लगेच एक डंप आणि सर्व्हरवर थोडा वेळ भार टाकून दुसरा, असे दोन घेतलेत तर प्रती किती वेळ रेंगाळतात तेही कळेल, आणि ऑडिटरला ‘शून्य’ असा खोटा दावा करण्याऐवजी तो काळ लिहून देता येईल.

शून्यबाइट

सी साठी हीच चाचणी रिलीज बिल्डवर (प्रत्यक्ष मशीनवर जाणाऱ्या बायनरीवर) करा. डीबग बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन बंद असल्याने साधा मेमसेटही शाबूत राहतो आणि चाचणी उगाच उत्तीर्ण होते. शिवाय ऑब्जडंप या साधनाने त्या फंक्शनचे असेंब्ली काढून पुसण्याचा कॉल तिथे आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहा आणि ती तपासणी बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच घाला, कारण कंपायलरची आवृत्ती बदलली की निकालही बदलू शकतो.